घाऊक मालाचा नकार

समजा, मालवणच्या एका होतकरू गृहस्थानें घरीं ऑनलाइन दुकान थाटलें आणि घाऊक व्यापाऱ्याकडे काजूगर मागितले. व्यापाऱ्यानें मात्र साफ नकार दिला. हा अन्याय म्हणावा काय? व्यापाऱ्याचीही एक बाजू आहे. ऑनलाइन विक्रेत्यास दुकानभाडें नसतें. तो भाव पाडील आणि पेठेंतील जुने दुकानदार आपणांस दुरावतील, ही त्याची धास्ती. बाजारावर एकहातीं सत्ता नसेल, तर आपला माल कोणास विकावा हें ठरविण्याची मोकळीक एकट्या व्यापाऱ्यास सामान्यतः असते.

परंतु अनेकांनीं संगनमत करून एखाद्याची वाट अडविली, कीं प्रश्न निराळा होतो. ज्या करारानें स्पर्धेस मोठा बाध येतो, तो २००२ च्या स्पर्धा कायद्यानें निषिद्ध आहे. शेजारच्या गोव्यांत औषधविक्रेत्यांची संघटना आपल्या संमतीवांचून घाऊक विक्रेते नेमूं देत नसे. २०१२ सालीं भारतीय स्पर्धा आयोगानें तिला दोषी ठरवून दंड केला.

म्हणून नकार मिळतांच एवढें पाहावें: हा एकाचा नकार, कीं अनेकांचा कट? एकाचा असल्यास दुसरें दार ठोठावावें. कट असल्यास लेखी पुरावा जपून आयोगाकडे दाद मागावी.