गिटारची झळाळी आणि घरातली हवा

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या परिसरात खडकी-दिघीच्या संरक्षण आस्थापनांतून निवृत्त झालेल्या कुशल हातांची वानवा नाही. आयुष्यभर सूक्ष्म मापे जपलेल्या या हातांना घरी बसून काय करावे, हे सुचत नाही. अशातच नातू घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बांधायचे मनावर घेतो. सुटे भाग मागवले जातात, धड लाकडातून कापून येते आणि त्यावर आरशासारखा चकाकणारा रंग चढवण्याचे काम आजोबांकडे येते. आपल्या घरी असा योग आला, तर ‘या वयात कशाला’ असे म्हणून तो दवडू नये. मात्र रंग कोणता आणि काम कोणत्या जागी, हे आजोबांच्या छातीचा विचार करून आधी ठरवावे.

नातवाच्या डोळ्यांसमोर असते ती मोटारीसारखी चकाकी. त्याला कारणही आहे. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने १९२३ च्या सुमारास मोटारींसाठी ‘डुको’ नावाचा लवकर वाळणारा रंग आणला. पुढे फेंडरसारख्या कंपन्यांनी मोटारींचेच रंग गिटारींवर चढवले. आपल्याकडील रंगारी फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला आजही ‘डुको’च म्हणतात. परंतु हा रंग थिनरमध्ये कालवावा लागतो, आणि थिनरच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, दमा असल्यास उबळ येते. आज लोकप्रिय असलेले दोन भाग मिसळून मारायचे पीयू पॉलिश त्याहून वाईट. त्याच्या कडक करणाऱ्या भागात आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि त्यांच्यामुळे निरोगी माणसालाही दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला, की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. हा त्रास काही वेळा लगेच न होता रात्री सुरू होतो, त्यामुळे त्याचा संबंध दुपारच्या रंगकामाशी कोणी लावत नाही. फडक्याचा किंवा एन-९५ मुखपट्टा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. फवाऱ्याचाच रंग हवा असेल, तर गिटारचे धड मोटारींना रंग देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे सोपवावे. गॅलरीत पडदा बांधून हा उद्योग करू नये.

येथे एक गोष्ट काळजीवाहकांनी विशेष ध्यानात घ्यावी. वाढत्या वयात वासाची जाण मंदावते आणि ती मंदावल्याचे त्या व्यक्तीला बहुधा कळतही नाही. ‘मला तर काही वास येत नाही’ हे आजोबांचे वाक्य प्रामाणिक असते, पण तो हवा शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे. खोलीत कोणता दर्प आहे, याचा निर्णय घरातील तरुण नाकाने द्यावा.

मग घरी काय करावे? उत्तर आपल्याच मातीत आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि चकाकी देणारे कारागीर. तलवारीवर फिरणारा हात तंबोऱ्यावर फिरू लागला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. (दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गिटारला पॉलिश करणाऱ्या आजोबांना हा इतिहास अवश्य सांगावा.) आपल्याकडील अशा वाद्यांवर परंपरेने दिसणारी ती उबदार, खोल चकाकी लाखेची. लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील सूक्ष्म कीटकांचा स्राव. औषधांच्या काही गोळ्यांवरील आवरणातही तीच असते.

इलेक्ट्रिक गिटारला लाख चालेल का, अशी शंका नातू काढील. अवश्य चालेल. या वाद्याचा आवाज तारांखालच्या चुंबकी पिकअपमधून येतो, धडाच्या पोकळीतून नव्हे. त्यामुळे वर कोणता लेप आहे याने ध्वनीत फारसा फरक पडत नाही. उणीव एवढीच की लाख स्पिरिटला भिते. सॅनिटायझर लावलेला ओला हात टेकला तरी डाग उमटतो. पण दुरुस्तीही तितकीच सोपी, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो.

काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लाखेवर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. प्रथम लाकूड काचकागदाने गुळगुळीत करावे आणि या वेळी मात्र एन-९५ मुखपट्टा हवाच, कारण लाकडाचा भुसा फुप्फुसांना आणि नाकाला घातक आहे. सागवानाची छिद्रे मोठी असतात, ती लांबीने भरून घ्यावीत. शंभर मिलीलिटर स्पिरिटमध्ये बारा ते पंधरा ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळू द्यावी आणि मलमलीतून गाळावी. रंग हवा असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग यातच मिसळावा. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा करावा आणि तो हलक्या हाताने, न थांबता फिरवत राहावे. बोळा मध्येच थांबला की चिकटतो. तशा वेळी तेलाचा एक थेंब पुरे. जाड थराचा मोह टाळून असे अनेक पातळ हात द्यावेत.

हे काम वृद्ध हातांना मानवते. बोळा बोटांच्या टोकांनी नव्हे, खांद्यातून आणि दंडातून फिरतो. त्यामुळे किंचित थरथरणारा हातही तो नीट फिरवू शकतो. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि दोन हातांमध्ये विश्रांती आपोआप मिळते. मेज कमरेच्या उंचीचे, आधाराला खुर्ची आणि बाजूने पडणारा प्रखर दिवा असावा. तिरप्या प्रकाशातच ओरखडे दिसतात.

लाख निरुपद्रवी असली तरी स्पिरिट तसे नाही. ते ज्वालाग्राही असते आणि त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नायट्राइलचे हातमोजे घालावेत. देवघरातील निरांजन आणि गॅस विझल्याशिवाय बाटली उघडू नये. घरात कोणाला ऑक्सिजन चालू असेल तर हे काम घरात करूच नये. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट कदापि भरू नये, कारण मोतीबिंदूच्या डोळ्यांना बाटल्यांतला फरक ओळखता येत नाही. काम चालू असताना वा त्या रात्री धाप, छातीत घरघर, घट्टपणा जाणवल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि कोणते द्रव्य वापरले ते नावानिशी सांगावे.

राहिला प्रश्न छटेचा. मोतीबिंदूमुळे डोळ्यातील भिंग पिवळट होते आणि निळा रंग फिका, मळकट दिसतो. शस्त्रक्रियेनंतर तोच निळा एकदम लखलखतो. त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच धडाकडे पाहून भांडू शकतात आणि दोघेही खरे असतात. रंग मिसळण्यापूर्वी टाकाऊ फळीवर नमुना काढावा आणि तो दोघांनी सकाळच्या उजेडात, गॅलरीत उभे राहून पाहावा. शेवटचा हात दिल्यावर गिटार आठवडाभर तशीच टांगून ठेवावी. तारा त्यानंतर चढवाव्यात.