बंद पिकअपमध्ये धूळ शिरते कोठून?

कुंडलहून पलूस, ताकारीकडे किंवा वर विट्याच्या अंगाला माल घेऊन जाणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची एक तक्रार ठरलेली असते. गाडीवर नवी ताडपत्री घातली, दोऱ्या आवळल्या, पुढची बाजू घट्ट बांधली, तरी बाजारात पोहोचून फाळका उघडावा तर गठ्ठ्यांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ! मग सगळा दोष ताडपत्री शिवणाऱ्याच्या माथी जातो. आमच्या मते तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. बंदोबस्त पुढून केलेला असतो आणि धूळ येते मागून.

या भागात धुळीला तोटा नाही. मोठे रस्ते डांबरी झाले, पण मळ्यात जाणाऱ्या वाटा मुरुमाच्याच आहेत. थंडी-उन्हाळ्यात ऊस वाहणारे ट्रॅक्टर त्या वाटांचा भुगा करतात आणि तोच भुगा चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो. नेमक्या त्याच सुमारास बेदाण्याचा हंगाम सुरू होतो. बेदाणा लवकर सुकावा म्हणून द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सुकलेल्या दाण्यावर तेलाचा हलका हात असतो, शिवाय फळाची साखर असतेच. अशा दाण्यावर बसलेली धूळ फडक्याने पुसून निघत नाही. कापड झटकता येते, बांगड्यांचे खोके पुसता येतात, पण बेदाणा आणि बेकरीची खारी यांना दुसरी संधी नाही. रमजानच्या तोंडावर शीरखुर्म्यासाठी बेदाण्याची मागणी वाढते, तेव्हा हे नुकसान जास्तच जाणवते.

माती पाक आहे. पाणी नसेल तेव्हा तयम्मुम आपण तिच्यानेच करतो. पण विकायच्या मालावर बसलेली माती हा मालातला ऐब आहे. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आतला ओलावा ओळखला आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे दुकानदाराला विचारले, ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा खोक्याचा वरचा थर बदलून खालचा धुळकट माल खपवणे हा मार्ग आपल्याला बंद आहे. ऐब सांगावा लागतो आणि सांगितला की भाव पडतो. धूळ आत येऊच न देणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त सौदा.

आता धूळ येते कशी ते पाहू. कुंडलकरांना हे समजणे अवघड जाऊ नये, कारण शेजारी किर्लोस्करवाडी आहे. कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि तिथले पंप पुढे देशभर गेले. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंपाच्या आत दाब कमी होतो आणि विहिरीवरची हवा पाण्याला वर ढकलते. धावत्या गाडीचा बंद हौदाही असाच पंप बनतो. गाडी हवा कापत पुढे जाते, तेव्हा तिच्या चौकोनी पाठीमागे पोकळी तयार होते. ती भरायला हवा भोवऱ्यासारखी उलटी फिरते आणि मागच्या चाकांनी उडवलेली धूळ उचलून थेट फाळक्यावर आणून आदळते. दुसरीकडे छताच्या आणि बाजूंच्या पुढच्या कडांशी दाब याहूनही कमी असतो. तिथल्या फटींतून आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा घ्यायला फाळक्याच्या फटीतून धुळकट हवा आत येते. त्यात ताडपत्री सैल असेल तर ती लोहाराच्या भात्यासारखी फडफडते आणि प्रत्येक फडक्यासरशी एक घोट धूळ आत घेते. आत कोंडू नये म्हणून काहीजण मागचा पडदा थोडा वर ठेवतात. तो तर धुळीला दिलेला उघडा दरवाजाच.

म्हणून पहिले काम फाळक्याचे. फटी शोधायची सोपी युक्ती अशी: रात्री हौद्यात दिवा लावावा, सगळे बंद करावे आणि बाहेरून फिरून पाहावे. जिथून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करावी. बहुतेक खुणा फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यांत, बिजागऱ्यांपाशी, खांब बसवायच्या खाचांत आणि दिव्याच्या वायरीच्या भोकाजवळ निघतील. हौद्याचा तळ पन्हाळीदार पत्र्याचा असेल तर त्याच्या नळ्या फाळक्याखाली उघड्याच राहतात. सपाट रबर लावून त्या बुजत नाहीत; पन्हाळीच्या आकाराचे तुकडे कापून बसवावे लागतात.

गोणपाट किंवा चिंध्या कोंबणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. गोणपाट धूळ पितो आणि खड्डा आला की ती मालावरच झटकतो! चिकटपट्टीचा स्वस्त फोमही उन्हात चुरा होऊन गळतो. मोटारीच्या दाराला असते तसले पोकळ रबर घ्यावे. पत्रा थिनरने पुसून, तेलकटपणा काढूनच ते चिकटवावे आणि त्याचा सांधा खाली न ठेवता वर ठेवावा. रबर लावल्यावर फाळक्याची कडीही घट्ट करून घेतली पाहिजे. कडी ढिली असेल तर रबर दाबलेच जात नाही आणि खर्च फुकट जातो. तळाची पाणी जायची भोके मात्र कायमची बुजवू नयेत. त्यांना रबरी बुचे लावावीत आणि गाडी धुताना काढावीत, नाहीतर धूळ वाचेल आणि तळ गंजेल.

दुसरे काम अनेकांना उलटे वाटेल. फटी बुजवून झाल्या की पुढच्या बाजूला, उंचावर, हवेसाठी एक झडप मुद्दाम ठेवावी. हौदा केबिनपेक्षा उंच असेल तर केबिनवर आलेल्या त्याच्या पुढच्या भिंतीत, नसेल तर छतावर पुढे तोंड करून. तिथे समोरून हवेचा दाब बसतो आणि चाकांची धूळ त्या उंचीवर कमी असते. ही हवा आत आली की हौद्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो आणि मागच्या उरल्यासुरल्या फटींतून हवा बाहेर जाऊ लागते. बाहेर जाणाऱ्या हवेविरुद्ध धूळ आत येत नाही. झडपेला बारीक जाळी आणि आत स्पंजाचा धुता येणारा तुकडा लावावा. पावसात, किंवा पुढच्या गाडीच्या धुरळ्यात सापडल्यास बंद करता येईल असे झाकण हवे. मागच्या फटी तशाच ठेवून नुसती झडप बसवाल तर उपयोग नाही, कारण दाब टिकणारच नाही. बेदाण्याला आणि बेकरीच्या मालाला या झडपेचा आणखी एक फायदा होतो: आत घाम धरत नाही.

काम झाले की नाही हे कारागिराच्या शब्दावर सोडू नये. फाळक्याच्या फटीशी आतून चार सुती दोरे चिकटवावेत, मोबाईल आत ठेवून चित्रण सुरू करावे आणि मुरुमाच्या वाटेने एक फेरी मारावी. दोरे फटीकडे ओढले गेले तर काम बरोबर. आतल्या बाजूला उडाले तर अजून कुठेतरी चोरवाट आहे. हूड शिवणाऱ्या आणि वेल्डिंग करणाऱ्या आपल्या तरुणांनी ही चाचणी स्वतःहून करून दाखवावी. फटी बुजवणे, झडप आणि चाचणी असे एकत्र काम अंगावर घेणारा कारागीर कडेगावच्या मोहरमला दुकान मांडणाऱ्यांपासून बेदाण्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांनाच हवा आहे. मात्र हौद्याची उंची-लांबी बदलणार असेल तर आधी आरटीओकडे विचारावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत.

एक धोका सांगणे जरुरीचे आहे. बाजाराला जाताना मालाबरोबर पोराटोरांना मागे बसवायची पद्धत अजून गेलेली नाही. ज्या ओढीने धूळ आत येते, त्याच ओढीने सायलेन्सरचा धूरही आत येतो. त्यातल्या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. फटी बुजवलेल्या, झाकण बंद असलेल्या हौद्यात माणूस किंवा कोंबड्या-शेळ्या कधीही कोंडू नयेत, आणि गॅसची टाकीही त्यात ठेवू नये.