यंत्राची साथ, माणसाचा कान

मे महिन्याची सुट्टी असो वा चतुर्थीचे दिवस, गोमंतकातील वाड्यावाड्यांवर अलीकडे मुलांच्या कराओके गायनाचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. पडद्यावर शब्द सरकतात, ध्वनिक्षेपकातून वाद्यवृंद वाजतो आणि दहाबारा वर्षांचे मूल धीटपणे गाऊ लागते. ही निव्वळ नक्कल आहे, असे म्हणून नाक मुरडणारे जाणते रसिक आपल्याकडे थोडे नाहीत. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या भूमीत जन्मल्या, तेथे असे वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि या निषेधात आम्ही आमचा सूर मिसळू इच्छीत नाही.

कारण याच भूमीत कोणी गावे आणि कोणी गाऊ नये, हे एके काळी जन्मावरून ठरत असे. देवळांच्या सेवेतील कलावंत घराण्यांनी गाणे जतन केले. त्यांच्या पदरी समाजाने मान थोडा आणि अवहेलना फार टाकली. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील मुलींचे गाणे माजघरातच विरले. यंत्र कोणाचे कुळ विचारीत नाही आणि पेटी-तबल्याच्या साथीचा खर्च न झेपणाऱ्या घरातील मुलालाही ते मंचावर उभे करते. हा लाभ लहान मानता येणार नाही.

परंतु या यंत्राचा जन्म कसा झाला, तेही ध्यानी घ्यावे. जपानमधील कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक मद्यगृहातील हौशी गायकांना साथ करीत असे. परगावी निघालेल्या एका ग्राहकाने आपल्यासाठी साथ ध्वनिमुद्रित करून मागितली. इनोउएने ती त्या गृहस्थाच्या गळ्याला मानवेल अशा पट्टीत वाजवून दिली. त्यातूनच 1971 साली त्याचे यंत्र अवतरले. कराओके या शब्दाचा अर्थच मुळी 'रिकामा वाद्यवृंद' असा आहे. सारांश, ही कल्पना निघाली ती गाणाऱ्याचा गळा ओळखणाऱ्या साथीदारापासून. आज यंत्र राहिले आणि साथीदार तेवढा गळाला.

गेल्या चतुर्थीत एका मांडवात आम्ही याचा प्रत्यय घेतला. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा गात होता. तार सप्तकात जाताना त्याचा आवाज चिरकला. पुढच्या रांगेत हशा उसळला. यंत्र थांबले नाही. पडद्यावरचे शब्द पुढे धावत राहिले आणि मुलगा मान खाली घालून मांडवाबाहेर गेला. पेटीवर कोणी बुजुर्ग असता, तर त्याने पट्टी दोन सुरांनी उतरविली असती, क्षणभर थांबून मुखडा पुन्हा धरू दिला असता. या वयात मुलांचा आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. हा निसर्गक्रम आहे. त्यात हसण्यासारखे काय आहे?

म्हणून आयोजकांना आमच्या काही सूचना आहेत. बहुतेक कराओके यंत्रांत पट्टी वरखाली करण्याची सोय असते; प्रत्येक मुलाची पट्टी आधी तालमीत ठरवावी, आणि ते काम संगीत जाणणाऱ्या व्यक्तीकडे सोपवावे. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना ताणून गाण्याची सक्ती करू नये. गीताचे शब्द गाणाऱ्याच्या वयाला शोभतात की नाही, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे. क्रमांक आणि चषक यांचा सोस आवरावा. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकाला सामान्यतः बंदी आहे. मुलांच्या कानांसाठी आणि शेजारच्या आजाऱ्यासाठी हे नियम पाळावेत.

आणखी एक. 2019 साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. प्रत्येक कार्यक्रमात निदान एक गीत यंत्र बंद ठेवून, वाड्यावरच्याच घुमट-पेटीच्या साथीने व्हावे. आपल्यासाठी कोणी थांबते, आपला सूर ऐकून साथ बदलते, हा अनुभव मुलांना त्यातून मिळेल. गेल्या चतुर्थीत मान खाली घालून गेलेला तो मुलगा येत्या चतुर्थीत पुन्हा मंचावर यावा, एवढीच आमची इच्छा आहे. त्याला परत आणण्याचे काम मात्र यंत्राकडून होणार नाही. ते त्या मांडवातील मोठ्यांनीच केले पाहिजे.