भंडारा : दोन मतांचा मतदारसंघ

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला, हे आपल्या सभांमधून नेहमी सांगितले जाते. पण ती पोटनिवडणूक मुळात झाली कशामुळे, हे मी अनेक कार्यकर्त्यांना विचारून पाहिले आहे. उत्तर क्वचितच मिळते. पराभव पाठ आहे, पराभवाची यंत्रणा ठाऊक नाही. म्हणून या एका मतदारसंघाची हकीकत जरा खोलात जाऊन सांगावी असे मला वाटते.

भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातला, भाताचा आणि तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, नंतर ते मालगुजारांच्या नावावर लागले. माजी मालगुजारी तलाव म्हणून आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कुणबी, पोवार, तेली, कोहळी हे येथील शेतकरी. ढिवर तलावावर जगणारे. जंगलाच्या कडेला गोंड. आणि गावोगाव महारवाडा. शेती पावसावर, भात कापून झाला की हाताला काम नाही. उरलेले दिवस तेंदूपत्ता आणि बिडी यांवर काढायचे. तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणी आहेत. बिडीच्या कारखानदारीने गोंदियाला पैसा आणला. बिडी वळणाऱ्याच्या घरात तो फारसा थांबला नाही. पवनीच्या टेकडीखाली बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. ज्या भूमीला ‘मागास’ म्हणून सोडून दिले जाते, तिचा इतिहास मागास नाही.

१९५२ साली हा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्या निवडणुकीत देशात असे ८६ मतदारसंघ होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदार मात्र तेच. प्रत्येकाला दोन मते. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतदाराने दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई. यातूनच ‘मत कुजवणे’ हा शब्दप्रयोग आला. एक मत आपल्या माणसाला द्यायचे आणि दुसरे कोणालाच लाभू द्यायचे नाही. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून हरले, तेव्हा अशा कुजलेल्या मतांची संख्या पराभवाच्या फरकाच्या कितीतरी पट होती.

भंडाऱ्यात १९५२ साली काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले. निवडणुकीला आव्हान दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला. हा निकाल आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचला पाहिजे, कारण त्यात या जिल्ह्याचे अर्थकारण आणि समाजकारण एकाच कागदावर आले आहे. पहिला मुद्दा बिडीचा. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी कंपनीचे भागीदार होते आणि ही कंपनी सैनिकांसाठी सरकारला बिड्या पुरवीत होती. सरकारशी कंत्राटाचे नाते असलेला माणूस कायद्याने उमेदवार होऊ शकत नव्हता. न्यायालयाने ते अपात्र ठरविले.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. कारण काय, तर हे गृहस्थ महानुभाव पंथात गेले, तेव्हा ते महार राहिले नाहीत! पंथ जातिभेद मानीत नाही, म्हणून पंथीयाला जात नाही, असा हा सरळसोट तर्क. न्यायालयाने तो मानला नाही. माणसाने नवा विचार स्वीकारला तरी जुन्या जातीने त्याला आपला मानणे चालू ठेवले आणि तोही स्वतःला त्या जातीचा म्हणवीत राहिला, तर तो त्या जातीतच आहे, असे न्यायालयाने ठरविले. अर्ज चुकीने फेटाळला गेला म्हणून संपूर्ण निवडणूकच रद्दबातल झाली. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या, आणि त्यातून १९५४ ची पोटनिवडणूक आली.

राखीव जागेसाठी बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असा हिशेब कार्यकर्ते मांडीत होते. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला. दोन्ही मते वापरा, असे त्यांचे सांगणे होते. ज्याने मताचा हक्क घटनेत लिहिला, त्याने मत वाया घालवा असे कसे सांगावे? निकाल लागला तेव्हा अशोक मेहता विजयी झाले आणि बाबासाहेब बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. फेडरेशनची दुसरी मते मेहतांच्या पेटीत गेली. उलट बाजूने तेवढी परतफेड झाली नाही. काहीजण याला विश्वासघात म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. पक्षांचे नेते व्यासपीठावर एकत्र बसू शकतात. गावातला सवर्ण मतदार पेटीपाशी एकटाच असतो, आणि तेथे तो आपली जात बाजूला ठेवतोच असे नाही.

हीच त्या यंत्रणेची मेख आहे. १९३२ च्या पुणे करारात निदान प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती : अस्पृश्य मतदारांनी आधी आपले चार उमेदवार निवडायचे, मग सर्वांनी त्यांतून एक. घटनेत जागा राखीव राहिल्या, प्राथमिक निवडणूक राहिली नाही. त्यामुळे राखीव जागेवर कोण बसणार हे ठरविण्याची शक्ती ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांच्याकडे उरली नाही. बोरकर राखीव जागेचे वैध प्रतिनिधी होते यात शंका नाही. प्रश्न त्यांना निवडले कोणी हा आहे. त्यांच्या निधनानंतर १९५५ साली अनुसयाबाई बोरकर निवडून आल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले. ठवऱ्यांच्या निकालाचा आधार आता मिळणार नव्हता, कारण राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू (आणि १९५६ पासून शीख) असलाच पाहिजे असे स्पष्ट लिहिले होते. बौद्धांचा समावेश त्यात १९९० साली झाला. म्हणजे सुमारे चौतीस वर्षे, उघडपणे बौद्ध झालेला माणूस लोकसभेच्या राखीव जागेवर उभाच राहू शकत नव्हता. वैनगंगेच्या खोऱ्यातला सर्वांत जागृत समाज राखीव जागेच्या उंबरठ्याबाहेर ठेवला गेला. यावर आपल्याकडे जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही.

द्विसदस्य पद्धत १९६१ च्या कायद्याने गेली. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी हरले. सर्वसाधारण जागा राखीव गटाचा माणूस घेऊन जातो, हे दिसल्यावर ही पद्धत एकाएकी गैरसोयीची ठरली, असे माझे मत आहे.

पुढची यादी भराभर सांगतो. १९६७ साली भंडाऱ्यातून पुन्हा अशोक मेहताच निवडून आले, पण काँग्रेसचे म्हणून! १९७७ च्या लाटेत जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर, १९८० व १९८४ ला काँग्रेसचे केशवराव पारधी, १९८९ ला भाजपचे खुशाल बोपचे, मग १९९१ पासून तीनदा प्रफुल्ल पटेल. २००४ साली शिशुपाल पटले यांनी पटेलांना अवघ्या तीनेक हजारांनी हरविले. २००९ पासून मतदारसंघाचे नाव भंडारा-गोंदिया झाले. २०१४ ला भाजपतर्फे जिंकलेल्या नाना पटोलेंनी २०१७ साली राजीनामा दिला, २०१८ ची पोटनिवडणूक राष्ट्रवादीच्या मधुकर कुकडेंनी जिंकली, २०१९ ला भाजपचे सुनील मेंढे आले आणि २०२४ ला काँग्रेसच्या प्रशांत पडोळे यांनी त्यांना सुमारे ३७ हजारांनी हरविले. पक्ष बदलत राहतात. गावातला सत्तेचा तोल त्याच वेगाने बदलत नाही.

२९ सप्टेंबर २००६ ला याच मतदारसंघातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाल्या. पण ॲट्रॉसिटीचा कायदा न्यायालयाने लागू धरला नाही. त्या गावात दलितांची घरे बोटांवर मोजण्याइतकीच होती. अशा घरांच्या मताला निवडणुकीत किंमत किती, आणि ते मत गुप्त राहते काय, हा प्रश्न मी कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.

कारण मतदान यंत्र आल्यापासून केंद्रनिहाय आकडे उघड होतात. ‘नमुना २०’ नावाच्या तक्त्यात कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली हे कोणीही पाहू शकतो. अभ्यासकाला हे सोयीचे आहे; मीही हे तक्ते वापरतो. पण केंद्र जर एका वस्तीचे असेल, तर ती वस्ती कोणाकडे गेली हे निवडून आलेल्यालाही कळते, हरलेल्यालाही कळते, आणि सावकाराला व पाटलालाही कळते. मग पाण्याची टाकी, घरकुलाची यादी, रोजगार हमीचे काम यांत त्याचे हिशेब निघू शकतात. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती. यंत्रांसाठी तसेच करणारे ‘टोटलायझर’ हे साधन निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले, विधी आयोगाने २०१५ साली त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ते स्वीकारले नाही.