कोडे सुटण्याचा आनंद

संगणकाने काय करायचे ते पायरीपायरीने सांगणारी आज्ञावली माणूस लिहितो. तीत एक चिन्ह जरी चुकले, तरी सारे काम अडू शकते. मग ती चूक शोधण्यात तासन्‌तास जातात. असे डोके शिणवणारे काम लोक आवडीने का करतात? केवळ पगारासाठी?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग पाहू. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९७१ साली प्रसिद्ध केला. त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ७ तुकडे जुळवून आकृती करण्याचे कोडे दिले. पहिल्या बैठकीत कोणालाच पैसे नव्हते. दुसऱ्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे १ डॉलर मिळाला. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद झाले. दर बैठकीत प्रयोगकर्ता ८ मिनिटे बाहेर जाई. तेवढ्या वेळात मासिके चाळा, नाहीतर कोड्याशी खेळा! पैसे मिळालेल्या गटाने तिसऱ्या बैठकीत पहिल्यापेक्षा कमी वेळ कोड्याला दिला.

असे का व्हावे? आवडीने केलेल्या कामाला मोबदला जोडला, की ‘हे मी पैशासाठी करतो’ असे मनाला वाटू लागते. १९९९ साली डेसी व सहकाऱ्यांनी १२८ प्रयोगांचा आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने गोडी घटते आणि मनापासून दिलेल्या शाबासकीने ती वाढते, असे त्यातही दिसले.

आज्ञावली लिहिणे हेही एक कोडेच. करीम लखानी व रॉबर्ट वुल्फ यांनी खुल्या सॉफ्टवेअरच्या २८७ प्रकल्पांतील ६८४ जणांची पाहणी करून २००५ साली निष्कर्ष मांडले. पगार मिळणारेही त्यांत होते. पण कामात अधिक वेळ घालण्यामागे सर्वांत प्रबळ कारण आढळले ते ‘आपण काही नवे घडवतो आहोत’ ही भावना!

मग पगार नको का? तसे नव्हे. पगार अपुरा असेल तर मन नाराज होणारच. पण आज्ञावलीच्या ओळी मोजून पैसे दिले, तर काय होईल? १० ओळींत सुटणारे काम ५० ओळींत लिहिले जाईल! त्याऐवजी काम कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक द्यावी आणि केलेल्या कामाचा उपयोग दिसू द्यावा. त्याने समाधानही वाढते आणि कामही सुधारते.

आता सांगा, गणित सुटल्यावर तुम्ही आधी काय पाहता: उत्तर कसे आले ते, की गुण किती मिळाले ते?