घरच्या गॅरेजांतील पहिलीं हत्यारें

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. धाकट्या नातवानें गॅरेजांत स्कूटरचा एक बोल्ट पकडीनें पिळावयास आरंभ केला. योग्य मापाचा पाना घरांत नव्हता. उत्साह मात्र उदंड होता. पांच मिनिटांत बोल्टचें षट्कोनी डोकें गोल झालें व शेवटीं कारागिराला तो ड्रिलनें पोखरून काढावा लागला. मुलावर रागावण्यापूर्वीं आम्हीं स्वतःसच विचारिलें : ज्या घरांत पुस्तकांचीं तीन कपाटें आहेत, तेथें धड एक पाना असूं नये, हा दोष कोणाचा?

आपला वर्ग पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगला व हत्यार धरणें हें दुसऱ्याचें काम मानीत आला. परंतु मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनींच बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. हाताला काळें लागल्यानें विद्येस कमीपणा येत नाहीं.

नवशिक्यानें शंभर नगांची चकचकीत पेटी प्रथमच घेऊं नये. तींतील निम्मीं हत्यारें वर्षानुवर्षें तशींच पडून राहतात. थोडीं घ्यावीं, पण चांगल्या पोलादाचीं घ्यावीं. पुढें जसें काम निघेल तशी भर घालावी.

प्रथम पाने. ६ पासून १७ मिलिमीटरपर्यंतचे पाने लहानसहान कामांस पुरतात. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना सर्व कोपरे सारखे धरतो. म्हणून घट्ट बसलेल्या नटास रिंग पानाच लावावा. पक्कड तारेसाठीं आहे, नटासाठीं नव्हे. त्यानंतर चपट्या टोकाचे दोन व फुलीच्या टोकाचे दोन स्क्रू-ड्रायव्हर घ्यावे. टोक स्क्रूच्या खांचेंत पुरतें बसलें पाहिजे. सैल टोक खांच खाऊन टाकतें. याखेरीज मध्यम वजनाची हातोडी, ५ मीटरची टेप, गुण्या, कानस आणि हॅकसॉ इतकें पुरे. हॅकसॉचें पातें बसवितांना दांते मुठीपासून दूर, पुढच्या बाजूस असावेत. कारण कापणें होतें तें पुढें ढकलतांना.

दोन बाबतींत मात्र हयगय नको. पहिली वीज. टेस्टरचा दिवा लागला नाहीं एवढ्यावरून तारेंत वीज नाहीं असें समजूं नये; मेन स्विच बंद करूनच काम करावें. दुसरी मोटार. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. प्रथम भक्कम स्टँड लावावे. हा नियम वडील माणसांनीं मुलांस पहिल्याच दिवशीं सांगावा.

पावसाळ्यांत लोखंडास गंज लवकर चढतो; म्हणून काम संपतांच हत्यार पुसून त्यास तेलाचा हात लावावा. आमच्या नातवानें भिंतीवर एक फळी ठोकून तींवर प्रत्येक हत्याराची आकृति रेखिली आहे. परवां त्यानें १० नंबरच्या पान्याची जागा रिकामी पाहून सर्व घरास जाब विचारिला. पाना आमच्याच कोटाच्या खिशांत निघाला!