माळ्यावरचं क्लॅरिनेट: कोणाचं, कधीचं?

माळा आवरताना काळं लाकडी क्लॅरिनेट सापडलं, तर लगेच चिंच किंवा राख लावून घासायला बसू नका हं! त्याच्या अंगावरची पुसट अक्षरं म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच. ती गेली, की वाद्य निनावी झालं.

आमच्या मामंजींचं बँडातलं क्लॅरिनेट भंगारवाला नुसत्या चाव्यांच्या धातूच्या भावानं मागत होता. मी ते मऊ, कोरड्या फडक्यानं पुसून भिंगाखाली धरलं. कर्ण्यावर 'हॉक्स अँड सन, लंडन' अशी अक्षरं निघाली. लंडनच्या बूझी आणि हॉक्स या कंपन्या १९३० साली एक झाल्या. म्हणजे एकट्या कंपनीचं नाव असलेलं वाद्य बहुधा त्याआधीचं. जोडनाव असेल तर नंतरचं. मामंजींचं वाद्य नव्वदी ओलांडलेलं निघालं!

देशाचं नावही बघा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधलं, 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरचं. क्रमांक उतरवून घ्या. काही कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या मिळतात, त्यावरून साल कळतं. मात्र कधी कधी छाप नुसती विकणाऱ्या दुकानाची असते.

तेरा चाव्यांचं वाद्य जुन्या घाटाचं. सतरा चाव्या, सहा कड्या असतील तर बोम पद्धतीचं. पण दोन्ही तऱ्हा बरीच वर्षं बरोबरीनं बनत होत्या, तेव्हा नुसत्या चाव्यांवरून साल ठरवू नका. 'एच. पी.' अक्षरं असली तर सूर चढा. आजच्या पेटीशी तो जुळायचा नाही.

नाव, क्रमांक आणि कोण वाजवायचं, ते चिठ्ठीवर लिहून वाद्यासोबत ठेवा. विकायचं की जपायचं, ते मग सगळ्यांनी बसून ठरवा.